पपनसाच्या बागेतील वसंत

मराठी घराची पपनसाशी ओळख आहे ती मुख्यतः भाद्रपदातली. गणपतीपुढे फळांची आरास मांडली की मध्यभागी एखादे भलेमोठे, पोपटी सालीचे पपनस ठेवावे, गोव्यात माटोळीला नारळ-सुपारीच्या शेजारी ते टांगावे, विसर्जनानंतर घरातील वडील माणसाने ते सोलावयास बसावे आणि मुलांनी भोवती गोळा व्हावे, हा क्रम अनेक कुटुंबांत अजून चालू आहे. चार दिवसांचा हा मान संपला की वर्षभर त्या फळाची कोणास फारशी आठवण होत नाही. पण दक्षिणेत एक गाव असे आहे की ज्याचे नाव या फळाला कायमचे जोडले गेले आहे. बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, बल्लारी रस्त्यालगत वसलेले देवनहळ्ळी हे ते गाव. तेथे पपनसाला ‘चक्कोत’ म्हणतात, आणि ‘देवनहळ्ळीचे चक्कोत’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. फळ बाजारात येते ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात. परंतु त्याचे भवितव्य ठरते ते वसंतात, ज्या दिवसांत बागेकडे कोणा गिऱ्हाइकाचे लक्ष नसते. तेव्हा पपनस समजून घ्यावयाचे तर फाल्गुन-चैत्रातील एखाद्या निवांत दिवशी त्या बागेत काय चालते हे पाहणे अधिक उपयोगाचे होईल.

इतिहासाच्या वाचकांस देवनहळ्ळी अपरिचित नाही. आवतीच्या गौड घराण्यातील मल्लभैरे गौडाने १५०१ साली येथे मातीचा किल्ला बांधला. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास तो म्हैसूरकरांनी घेतला. त्याच मोहिमेत हैदर अली हा तोवर अप्रसिद्ध असलेला शिपाईगडी प्रथम नावारूपास आला. टिपूचा जन्म याच गावचा. मराठी फौजांनी हा किल्ला एकाहून अधिक वेळा जिंकला आणि गमावला, आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने तो इंग्रजांच्या ताब्यात घेतला. एवढ्या धामधुमीत किल्ल्याच्या आसपासच्या मळ्यांचे काय होत असेल, याविषयी बखरी आणि खलिते सहसा मौन पाळतात. सैन्ये येतात-जातात, त्यांची नोंद होते. झाडांना पाणी कोणी दिले याची होत नाही.

पपनस हे मूळचे या भूमीचे नव्हे. त्याचे माहेर आग्नेय आशियात. आपला ‘पपनस’ हा शब्द डच लोकांच्या ‘पॉम्पेलमूस’वरून आलेला आहे, आणि तमिळातील ‘पंबळिमास’ हे त्याचेच भावंड. बंगालीत याच फळाला ‘बाताबी लेबू’ म्हणतात, म्हणजे बटाव्हियाचे लिंबू. बटाव्हिया हे आजच्या जाकार्ताचे डच अमदानीतील नाव. ज्या बंदरांतून हे फळ आपल्याकडे पोहोचले त्या बंदरांची आठवण अशी भाषांनी जपली आहे.

परंतु परदेशी म्हणून त्याला परके लेखणे योग्य होणार नाही, कारण लिंबूवर्गाच्या कुळात पपनसाचे स्थान आजोबांचे आहे. २०१८ साली या वर्गातील अनेक फळांच्या आनुवंशिक घटनेचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, ब्रह्मदेशाचा उत्तर भाग आणि युनान या पट्ट्यात झाला, आणि आपल्या ओळखीची बहुतेक फळे महाळुंग, संत्रे व पपनस या तीन प्रमुख मूळ जातींच्या संकरातून निपजली. मोसंबी ही पपनस व संत्रे यांच्या संबंधातून आलेली. वेस्ट इंडीज बेटांत अठराव्या शतकात पपनस व मोसंबीवर्गीय नारिंग यांचा पुन्हा मेळ होऊन ग्रेपफ्रूट जन्मले. लागवडीतल्या बहुतेक संत्र्यांतही पपनसाचा थोडाफार अंश सापडतो. नागपूरच्या बाजारात मोसंबीचे ढीग पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की कोपऱ्यात पडून राहिलेले ते ओबडधोबड, जाड सालीचे फळ या ढिगाचा पूर्वज आहे.

आता बागेकडे वळू. कन्नडात जिरायत शेताला ‘होल’ म्हणतात आणि बागेला ‘तोट’. जुन्या म्हैसूर संस्थानच्या महसुली कागदांत जमिनीचे तीन वर्ग सांगितलेले असत: खुष्की, तरी आणि बागायत. हे शब्द मराठी माणसास शिकवावे लागत नाहीत. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे बंगळुरास आले व तेथील जहागीर त्यांना मिळाली. या प्रांताच्या दप्तरात ओळखीचे शब्द भेटतात तेव्हा त्या कारभाराचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. जमिनीचे मापही दोहोंकडे एकच, चाळीस गुंठ्यांचा एकर. देवनहळ्ळीची जुनी पपनसे मोठाल्या मळ्यांत नव्हेत, तर गावालगतच्या अशा गुंठ्यांनी मोजावयाच्या तोटांत वाढली. सहा मीटर अंतराने झाडे लावली तर एकरी सुमारे ११० बसतात. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात पन्नास-पंचावन्न. एका कुटुंबाने स्वतःच्या हाताने सांभाळावे असे हे प्रमाण आहे.

या भागात वसंताची चाहूल प्रथम करंजाला लागते. त्याची जुनी पाने झडतात आणि पाठोपाठ लखलखीत हिरवी पालवी येते. कन्नडात करंजाला ‘होंगे’ म्हणतात, आणि बांधावर होंगे नाही असे तोट विरळा. पाठोपाठ कडुनिंब फुलतो, युगादी येते, आणि आपल्या पाडव्याप्रमाणेच येथेही कडुनिंब व गूळ एकत्र खाल्ला जातो. पपनसाचा मुख्य बहर याच सुमाराचा. आपल्याकडील बागाईतदार ज्याला आंबे बहार म्हणतो तोच हा. मृग बहार आणि हस्त बहार ही त्याची दोन भावंडे. पण दक्षिणेकडील पपनसाला हा वसंतातला बहार मानवतो, कारण फुलापासून फळापर्यंतचे सात-आठ महिने पावसाच्या पाण्यावर बऱ्याच अंशी निभावून जातात आणि फळ नेमके सणांच्या दिवसांत उतरते.

सकाळी बागेत शिरावे तो झाडाखाली पांढरा सडा पडलेला असतो. पपनसाचे फूल जाड पाकळ्यांचे, मेणचट पांढरे, आणि त्याचा गंध इतका दाट की तो कुंपणापलीकडेही जाणवतो. हा सडा पाहून नवखा मनुष्य हळहळेल. माळी हळहळत नाही. शेकडा फुलांतून एखाद-दुसरे फूल फळास लागले तरी झाडाच्या शक्तीला ते पुरेसे असते. दीड-दोन किलोचे फळ अंगाखांद्यावर वागवावयाचे तर संख्येचा हव्यास परवडत नाही. त्याचे लक्ष फुलांपेक्षा पानांकडे अधिक असते. पपनसाचे पान ओळखण्यास सोपे आहे: मोठ्या पानाच्या देठाला दुसरे लहान, बदामाच्या आकाराचे पान जोडावे तसे ते दिसते. कोवळ्या पानावर नागमोडी रुपेरी रेघ दिसली की नागअळी आत शिरली हे समजावे. पाने कुरतडलेली दिसली तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी जवळपास असते. हीच पुढे लिंबावरचे देखणे काळे-पिवळे फुलपाखरू होते. लहान बागेत तिला हाताने वेचणे हाच उत्तम उपाय. फुलोऱ्याच्या दिवसांत औषधांची फवारणी करणे म्हणजे मधमाश्यांना हाकलणे होय, आणि पपनसाच्या बागेत मधमाश्यांना हाकलणे किती महाग पडते हे पुढे येईलच.

ऊन तापण्यापूर्वी आळी साफ करण्याचे काम उरकावे लागते. येथे बरेच नवशिके चुकतात. पाणी खोडाशी घालावे असे त्यांस वाटते. वास्तविक पाणी पिणारी बारीक मुळे झाडाच्या सावलीच्या कडेशी पसरलेली असतात. म्हणून आळे दुहेरी करतात. खोडाभोवती मातीचा एक लहान, उंच वर्तुळाकार बांध, आणि त्याच्या बाहेर दुसरे रुंद आळे. पाणी राहते ते बाहेरच्या आळ्यात. खोड कोरडे राहते. हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. लिंबूवर्गाला डिंक्या नावाचा रोग होतो, तो ओल्या खोडावर मातीतील बुरशी चढल्यामुळे. साल तडकते, तीतून डिंक पाझरतो आणि दोन-तीन वर्षांत भरले झाड वाळून जाते. अशी जागा दिसली तर धारदार चाकूने रोगट साल खरवडून निरोगी भाग दिसेपर्यंत काढावी आणि वर बोर्डोमलम लावावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, असे याचे माप. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील बोर्डो प्रांतात द्राक्षांच्या रोगावर हे मिश्रण उपयोगी ठरले. आज ते देवनहळ्ळीच्या पपनसाच्या खोडावर आहे. आळे झाले की करंजाची झडलेली पाने त्यात पसरतात. ती ओल धरतात आणि पुढे खत होतात. पालापाचोळा गोळा करून जाळणारा माळी हा आपल्याच झाडाचा घास काढून घेणारा समजावा.

त्यानंतर छाटणी. पपनसाची छाटणी द्राक्षासारखी कठोर नसते. वाळलेल्या काटक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि मुख्य म्हणजे पाणसोट एवढेच काढावयाचे. पाणसोट म्हणजे खोडातून सरळ वर उसळणारा, काटेरी, तिधारी, दिसण्यात अत्यंत जोमदार फुटवा. त्याला फळ येत नाही, पण झाडाचा रस मात्र तो मनसोक्त ओढतो. सरकारी कचेऱ्यांतही अशी माणसे आढळतात, परंतु तेथे छाटणीचे नियम फार गुंतागुंतीचे असतात.

दुपारी बाग शांत असते. या शांततेत एक अखंड गुंजारव चाललेला असतो, आणि दिवसभरातील सर्वांत महत्त्वाचे काम तोच करीत असतो. सातेरी माशा या फुलावरून त्या फुलावर जात असतात. पपनसाच्या बहुतेक वाणांचा एक विशेष असा की झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. फूल उभयलिंगी असते, पराग व स्त्रीकेसर दोन्ही एकाच फुलात असतात, तरी स्वतःच्या परागाची नलिका वाटेतच खुंटते. दुसऱ्या वाणाच्या किंवा लिंबूवर्गातील दुसऱ्या झाडाच्या परागाने मात्र फलधारणा सुधारते. याचा अर्थ असा की एका बागेचे उत्पन्न शेजारच्या बागेवरही अवलंबून असते. शेजाऱ्याने आपली झाडे तोडून तेथे घर बांधले तर आपल्या झाडांची काळजी पूर्वीइतकीच घेऊनही फळ कमी लागणे शक्य आहे, आणि याचे कारण आपल्या कुंपणाच्या आत शोधून सापडणार नाही.

दुसरा विशेष बियांचा. लिंबूवर्गातील अनेक फळांच्या एका बीत एकाहून अधिक अंकुर असतात, आणि त्यांतील बहुतेक थेट मातृवृक्षासारखे निपजतात. त्यामुळे संत्र्याची बी पेरली तर बव्हंशी तेच संत्रे येते. पपनसाच्या बीत अंकुर एकच, आणि तो संकराचा. देवनहळ्ळीच्या उत्कृष्ट चक्कोताची बी पेरली तर येणारे झाड पपनस खरे, पण देवनहळ्ळीचेच, त्याच लालसर गराचे, त्याच चवीचे असेल याची शाश्वती नाही. या फळाची कीर्ती ज्या गुणावर आहे तो गुण म्हणजे कडवटपणाचा अभाव. पपनसाच्या पापुद्र्यांत नारिंजिन नावाचे कडू द्रव्य असते. येथील वाणात त्याचा त्रास जाणवत नाही, आणि आंबट-गोड रस निर्भेळ लागतो. असा गुण राखावयाचा तर एकच मार्ग, फांदीपासून झाड करणे. त्यासाठी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची बोटभर रुंद साल गोलाकार काढतात, तेथे ओले शेवाळ बांधतात, आणि मुळ्या फुटल्या की फांदी कापून लावतात. ही गुटी. म्हणजे देवनहळ्ळीत आज जे जातिवंत चक्कोत आहे ते हातातून हातात, फांदीतून फांदीत आलेले आहे. ज्या झाडाची गुटी कोणी बांधली नाही आणि जे तोडले गेले, त्याचा गुण त्याच्याबरोबर संपला. पुस्तकात त्याचे वर्णन राहील, मानांकनाच्या नोंदवहीत नाव राहील. परंतु नोंदवहीतून झाड उगवत नाही.

संध्याकाळी पाणी. पूर्वी येथे मोट चाले, तिला कन्नडात ‘कपिले’ म्हणतात. आणि तलावाच्या खालच्या अंगाला पाटाचे पाणी असे. तलावाचा ‘तूबु’ उघडणे, कोणाच्या तोटाला किती वेळ पाणी द्यावयाचे हे ठरवणे, हे ‘नीरगंटी’ नावाच्या गावकामगाराचे काम. आपल्याकडील पाटकऱ्याचा तो सगोत्र. बारमाही नदी नसलेल्या या मुलखात सारी बागायत तलावांच्या साखळीवर उभी होती. नंदीच्या डोंगरांवर पडलेला पाऊस एका तलावातून दुसऱ्यात उतरत येई, आणि त्याच्या पाझराने विहिरी भरत. विंधनविहिरी आल्या, विजेचे पंप आले, आणि तलावाची गरज भासेनाशी झाली. ओढे बुजले, पाझर थांबला, आणि विंधनविहिरी हजार फुटांच्याही खाली गेल्या. आता उलट्या दिशेने प्रयत्न सुरू आहेत. बंगळूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी उत्तरेकडील तलावांत सोडण्यात येते, आणि देवनहळ्ळीतील ‘सिहिनीरु केरे’, म्हणजे गोड्या पाण्याचा तलाव, त्यातून पुन्हा भरू लागला आहे. शहराने टाकून दिलेले पाणी गावच्या बागेपर्यंत यावे, ही व्यवस्था कोणास रुचो वा न रुचो, तिच्यामुळे भूजलाला आधार मिळाला आहे.

पाणी मिळाले तरी जमीन उरते का, हा खरा प्रश्न. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीलगत बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला. त्याने सुमारे चार हजार एकर व्यापले आहेत. पण विमानतळ आपल्या हद्दीत थांबत नाही. त्यामागून रस्ते, गुदामे, उद्योगवसाहती आणि गृहसंकुले येतात, आणि भोवतालच्या जमिनीची किंमत तिच्या उत्पन्नाशी नाते तोडते. ज्या गुंठ्यात दोन पपनसे उभी आहेत त्या गुंठ्याला त्या झाडांच्या आयुष्यभराच्या उत्पन्नाहून अधिक रक्कम एका सहीने मिळत असेल, तर विकणाऱ्याला दोष देणे सोपे, न्याय्य नव्हे. याच तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीच्या तेरा गावांतील १७७७ एकर जमीन विमानउद्योगासाठी संपादन करण्याचे ठरले, तेव्हा एप्रिल २०२२ पासून तेथील शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरून बसले. १५ जुलै २०२५ रोजी सरकारने ते संपादन सोडून दिल्याचे जाहीर केले. स्वेच्छेने देतील त्यांचीच जमीन घेण्याचे ठरले. सक्ती गेली ही मोठी गोष्ट झाली. स्वेच्छेवर बाजाराचा केवढा दाब असतो हा निराळा विषय.

या बाबतीत इतर देशांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. युरोपातील शहरे कारखान्यांमुळे फुगू लागली तेव्हा कामकरी कुटुंबांना भाजीपाल्यासाठी लहान तुकडे देण्याची प्रथा पडली. जर्मनीत लाइपझिग येथे १८६० नंतरच्या काळात सुरू झालेल्या अशा बागांना श्रेबर या वैद्याचे नाव मिळाले. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने मागणी असल्यास असे तुकडे उपलब्ध करून देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले, आणि १९२५ च्या कायद्याने, त्या कामासाठी राखलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीवाचून अन्य कामास लावू नये असे ठरले. म्हणजे तेथे शहराच्या नकाशातच बागेला खाते उघडून दिले. आपल्याकडे याच्या उलट घडते. बाग आधीपासून असते, शहर मागाहून येते, आणि नकाशा काढणाऱ्याच्या लेखी ती जागा रिकामी ठरते. १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा नावाचे रक्षण करतो; दुसऱ्या प्रांतातील फळ देवनहळ्ळीचे म्हणून कोणी विकू नये याची तरतूद त्यात आहे. देवनहळ्ळीत फळ पिकत राहावे याची तरतूद त्यात नाही, आणि ती त्या कायद्याकडून अपेक्षिणेही बरोबर नाही.

म्हणून वसंतातील त्या दिवशी, पाणी देऊन झाल्यावर, जाणता माळी आणखी एक काम करतो. ज्या झाडाचे फळ गतवर्षी सर्वांत उत्तम निघाले त्यावरील दोन-चार सरळ, निरोगी फांद्या हेरून तो त्यांना सुतळी बांधून ठेवतो. गुटी बांधण्याचा हंगाम पावसाळ्याचा. जूनमध्ये हवेत ओल आली की या फांद्यांची साल काढली जाईल, दोन महिन्यांत मुळ्या फुटतील, आणि चार-पाच वर्षांनी ते रोप फळावर येईल. अलीकडे अशी रोपे बागांतून कमी आणि नव्या घरांच्या आवारांतून अधिक लागतात. आवारातले एकटे झाड चांगले वाढते, भरपूर फुलते. त्यावर फळ भरून येते ते पलीकडच्या कुंपणात दुसरे एखादे लिंबूवर्गाचे झाड असले आणि मधल्या रस्त्यावरून माशा ये-जा करू शकल्या तर.